कांजिण्यांचे कंदील

आमच्या शेजारचे साठे काका तोंडाने भोंगा वाजवतात! खरंच! सकाळी आठला, अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मरणाच्या थंडीत, पायजम्यावर जाडजूड जॅकेट चढवून दारात उभे राहतात आणि "भोंऽऽऽ!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं टोर्नेडोचा सायरनच झाला.

काका कारच्या प्लान्टमध्ये क्वालिटी बघायचे. आता रिटायर, पण ते फक्त कागदावर. पोळी फुगली नाही की "रिजेक्ट!" मग ती रिजेक्ट पोळी स्वतःच तुपाशी खातात. काकू गेल्या, मुलगा तिकडे लांब फ्रीमाँटला, त्यामुळे इन्स्पेक्टरही तेच आणि कामगारही तेच.

मी ताईकडे राहून एमएस करते. मार्चमध्ये माझ्या भाच्याला, ईशानला, कांजिण्या आल्या. मग समोरच्या रियाला. मग कोपऱ्यावरच्या जुळ्यांना! शाळा म्हणाली, खपल्या धरेपर्यंत पाठवू नका. ताईची सुट्टी संपलेली, माझी मिडटर्म डोक्यावर. ताई अगदी रडायला आली होती यार, तेवढ्यात काका दारात हजर.

"मला लहानपणीच होऊन गेल्यात. आणा सगळा लॉट माझ्या बेसमेंटमध्ये! एकच रूल. रिकामा हात खाजवतो. हात रिकामा ठेवायचाच नाही!"

आणि काढलं काय प्रॉडक्शनला? आकाशकंदील!

"काका, मार्च आहे! दिवाळी कुठे, आपण कुठे!"

"मग काय झालं? डिलिव्हरी वेळेत होईल."

बांबूच्या कामट्या मिळेनात, तर बार्बेक्यूच्या काड्या आणल्या. एक पोरगं काड्या मोजणार, एक बांधणार, एक कागद कापणार, एक खळ लावणार. आणि कुणी खाजवायला लागलं की शिक्षा म्हणून हाताला मोजे! मी लंचला डोकावले तर ईशान मोजे घालून कोन मोजत बसला होता.

"काका, इट्स सोऽऽ इची!"

"लाइन थांबता कामा नये! किती डिग्री?"

"सिक्स्टी!"

"मराठीत?"

"साठ!"

"शाब्बास! पास!"

जो घरी टेबल्स म्हणायला अर्धा तास रडतो तो! मी बघतच राहिले!

शेवटी आमच्या अख्ख्या गल्लीत, बर्फाच्या ढिगांवर, दारोदार कंदील लागले. पलीकडच्या अमेरिकन आजींनी काकांना विचारलं, कुठला फेस्टिव्हल? काका ऐटीत म्हणाले, "चिकनपॉक्स!" त्या बिचाऱ्या "हॅपी चिकनपॉक्स!" म्हणून केक देऊन गेल्या.

मग खपल्या पडल्या. सोमवारी सगळी पोरं पिवळ्या बसमधून शाळेत! ताई तर आनंदाने नाचली. ईशानच्या बॅगेत काकांची स्टीलची पट्टी राहिली होती, ती द्यायला मी कॉलेजला जाता जाता त्यांच्याकडे गेले. तेव्हा लक्षात आलं, आज भोंगा झालाच नाही.

काका बेसमेंटमध्ये होते. टेबलावर काड्या, कागद, वाटीत ताजी खळ. चार खुर्च्या मांडलेल्या.

"काय गं, ते कानाचं इन्फेक्शन का काय, त्याची साथ येते ना मुलांमध्ये? कधी येते?"

"काका! असं काय विचारता!"

"नाही, आपलं प्लॅनिंगला बरं."

बोलता बोलता ते मनगट खाजवत होते. सारखं, एकाच जागी. मी घाबरले. "काका, तुम्हालाही आल्या की काय?"

त्यांनी हाताकडे बघितलं. "छे गं. रिकामा हात," म्हणाले, आणि तो टेबलाखाली घेतला.

माझा क्लास होता. मी बॅकपॅक खाली ठेवली, ईशानच्या बुटक्या खुर्चीत कशीबशी बसले आणि काड्या पुढे ओढल्या.

"काका, मला कोन जमत नाहीत. रिजेक्ट करायचं नाही हं."

काकांनी चष्मा पुसला. परत पुसला. मग मान खाली घालूनच, अगदी हळू, माझ्यापुरतं म्हणाले, "भोंऽऽ."