अहो, ऐकताय का!

घड्याळाच्या बाबतीत माझ्या कानांशी कुणी पैज लावू नये! पस्तीस वर्षं दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याच्या मनगटावरचं घड्याळ किती मागे पडतंय, ते मी इकडे बसून सांगतो!

अशा माणसाच्या हृदयात डॉक्टरांनी टिकटिकणारी झडप बसवावी, याला काय म्हणायचं? हो, धातूची झडप टिकटिकते. खोलीत शांतता असली की शेजारच्यालाही ऐकू येते. ऑपरेशन झकास झालं. पहिले तीन महिने टिकटिक कशी एकदम शिस्तीत! आणि मग अडखळायला लागली. मधेच एक ठोका गिळायची, पुढचे दोन घाईघाईत उरकायची. दुकानाच्या चार पायऱ्या चढताना मला धाप लागू लागली. (बायको त्याआधी काहीतरी म्हणाली होती म्हणा, पण ते राहू दे.) घाबरलो मी. खोटं कशाला बोलू?

सर्जनसाहेबांकडे गेलो. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला मात्र, टिकटिक लगेच सुरळीत! बिघडलेलं घड्याळही दुकानात आलं की नेमकं चालायला लागतं, आणि मी गिऱ्हाइकाला हसतो. आता हसायची पाळी साहेबांची होती.

"साहेब, घरी अडखळते हो!"

"हं हं."

"धाप लागते."

"हं हं. मनाचे खेळ आहेत. घड्याळांतून जरा डोकं बाहेर काढा."

भडकलोच! ठरवलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. पण गुपचूप. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्या कानावर जायला नको, आणि बायकोच्या तर नकोच नको, उगाच काळजी करत बसायची. फाइल घड्याळाच्या खोक्यात लपवली, 'गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो' अशी थाप मारली आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा, एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंचा दवाखाना गाठला.

माझा नंबर अकरावा. खोलीत चिडीचूप. मांडीवर खोकं. टिक, टिक, टिक.

शेजारच्या आजोबांनी खुर्ची लांब सरकवली. नंबर लावणारी मुलगी उठून आली.

"काका, खोक्यात काय आहे?"

"फाइल."

"फाइल टिकटिकते?"

"फाइल नाही हो, मी टिकटिकतो!"

हे बोलायला नको होतं. रखवालदाराने खोकं दोन बोटांत धरून बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. आणि टिकटिक आपली खोलीतच! मग जी पळापळ झाली म्हणता! आजोबा काठी विसरून सगळ्यांच्या पुढे! हृदयाचे पेशंट इतके चपळ असतात हे मला ठाऊक नव्हतं. अर्ध्या मिनिटात खोली रिकामी, आणि माझा नंबर पहिला!

गोंधळ ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या आणि खो खो हसल्या. "झडप आहे ही! या आत. आधीचे डॉक्टर काय म्हणाले?"

मग काय, माझी जीभ सुटली! "हात सोन्याचा आहे हो साहेबांचा, पण कान? नुसतं हं हं! समोरचा मेला तरी हं हं!"

"अस्सं! आणखी?" बाईंना भलताच रस वाटत होता.

मग त्यांनी माझी छाती तब्बल पाच मिनिटं ऐकली. चौथ्या मिनिटाला ठोका अडखळला! लगेच ईसीजी काढला, कागदावर बोट ठेवलं. "ठोके अनियमित पडतायत. तुमचं अगदी बरोबर आहे. अजून उशीर केला असता तर महागात पडलं असतं. औषधं बदलू या, काबूत येईल."

टेबलावर चढून नाचावंसं वाटलं मला! जिंकलो! वाचलो!

तेवढ्यात रखवालदाराने अंगणातलं खोकं परत आणून दिलं. बाईंनी फाइल काढली, तिच्यावरचं साहेबांचं नाव पाहिलं आणि फोन लावला.

"अहो, ऐकताय का?"

अहो? मला दरदरून घाम फुटला!

"हं हं," फोनमधून ओळखीचा आवाज आला.

"हं हं नको! तुमचे घड्याळवाले काका माझ्यासमोर बसलेत. ठोके अडखळतायत त्यांचे. त्यांचं बरोबर आहे, तुमचं चुकलंय!"

मग आवाज आला, "चुकलं माझं. पाठव त्यांना, मी नीट ऐकतो."

बाईंनी फोन ठेवला. "बावीस वर्षांत पहिल्यांदा! काका, तुमचे उपकार झाले."

महिन्याभरात टिकटिक पुन्हा शिस्तीत आली, धाप गेली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पायऱ्या दोन दोन करत चढलो, घरी आलो आणि बायकोला सगळी हकिगत रंगवून सांगितली. "एवढे मोठे सर्जन, पण चूक पकडली कुणी? या कानांनी!"

बायको शर्टाला बटण लावत होती. तिने मान वर केली नाही, पण सुई थांबली.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. याच जागेवर बसून. 'अहो, ऐकताय का, टिकटिक अडखळतेय.' जिवाचं पाणी झालं होतं माझं. तुम्ही काय केलंत?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी 'हं हं' म्हणालो होतो, आणि स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला तेल घातलं होतं!