ट्रान्झिस्टरची बैठक

आमच्या शेजारच्या प्रल्हादकाकांना स्वतःला ताप आला तर ते कुणाला सांगत नाहीत; त्यांच्या ट्रान्झिस्टरला ताप आला की मात्र अख्ख्या गल्लीला कळतं. उन्हाळ्यात त्यांच्या माठावर झाकणाऐवजी एक पत्र्याची डबी असते आणि डबीवर ओला पंचा. येता-जाता काका तिच्यावर तळहात ठेवतात आणि पडेल चेहऱ्याने सांगतात, "बाई, आज अंग कोमट लागायलंय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी काकूंच्या काळजीने आत धावले होते. काकू ठणठणीत होत्या, भाकरी थापत होत्या.

मी इथे बोरीत शिक्षिका. काका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते गिटार वाजवतात, आणि ही डबी त्यांनी स्वतः जोडलेली. गिटारची वायर डबीत जाते आणि डबीतून पुढे ॲम्प्लिफायरला. पायाने बटण दाबलं की बारीक, उंच सूर ठळक होतात. आत मुख्य ऐवज एकच: वडिलांच्या मोडक्या रेडिओतून काढलेला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर. त्याचा मिजाज जावयाचा. त्याला किती वीज पाजायची हे नेमकं ठरवावं लागतं. जाणकार याला बायस म्हणतात, काका 'बैठक' म्हणतात. कमी झाली तर सूर घुसमटतो, जास्त झाली तर फाटतो. आणि ऊन वाढलं की ही बैठक आपोआप हलते. आता परभणी जिल्ह्यात मे महिन्यात ऊन वाढू नये म्हणून कुणाकडे अर्ज करायचा?

मग काका डबी उघडून आतला स्क्रू केसभर फिरवणार, मीटर बघणार, तार छेडणार आणि मान हलवणार. "न्हाई. अजून तिरपा बसलाय." या बैठकीतून कुणाची सुटका नाही. वरणात मीठ कमी पडलं तर "बैठक जमना". पुतणीसाठी स्थळ बघून आले तर "पोरगं देखणं हाय, पर बैठक न्हाई."

"काका, नवा सिलिकॉनचा टाका की. त्याला ऊन बाधत नाही म्हणे."

"नवा लय शहाणा असतोय बाई. पर गोड बोलत न्हाई."

एकदा मी चिडवलं, "एवढ्या उंच सुरांचं लोणचं घालायचंय का?" काका हसले नाहीत. आतल्या खोलीतल्या काकूंकडे बघत म्हणाले, "तिला जाड आवाज ऐकू येतेत. ढोलकी येती, ट्रॅक्टर येतोय. बारीक येत न्हाईत. कुकरची शिट्टी न्हाई, चिमणी न्हाई. माजी गितार न्हाई."

कानाचं मशीन आणून झालं होतं. "डोस्क्यात कालवा होतोय," म्हणून सुलोचनाकाकूंनी ते कपाटात ठेवून दिलं. दोघं पूर्वी गायन पार्टीत असायचे. काकू गायच्या, काका साथ करायचे. स्वतःचाच सूर ऐकू येईना तेव्हा काकूंनी गाणं सोडलं. यंदा बुद्ध पौर्णिमेला काका विहारासमोर वाजवणार होते, आणि ते काकूंच्या कानापर्यंत पोचवणार होते. मला उगीचच परीक्षेला बसल्यासारखं झालं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी स्टेजवर हे भगभगीत हॅलोजन. काकांनी बटण दाबलं आणि कढईत भजी सोडल्यासारखा आवाज निघाला. लोक हसले.

"ताप चढला!" काका ओरडले आणि सरबताच्या पिंपातून बर्फाचा खडा घेऊन आले. डबी बर्फावर ठेवली, तर आवाज घशातच बसला. "आता गारठला की रे!"

निवेदकाने वेळ मारून न्यायला उपस्थितांचे आभार मानायला घेतले. मी स्टेजवर गेले, रुमाल भिजवला, डबीला गुंडाळून धरून बसले. काकांनी स्क्रू केसभर फिरवला, तार छेडली. पुन्हा फिरवला, पुन्हा छेडली. आणि सूर असा लख्ख निघाला की खीर वाढणारे जागीच थांबले.

"काका, कमी करा जरा, कानात सुई टोचायलीय!" पुढून कुणीतरी ओरडलं. काकांनी कमी केलं नाही. ते वाजवत होते आणि बायकांच्या बाजूला बघत होते.

काकू खीर खात होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला. मान वर झाली. क्षणभर ऐकलं, वाटी खाली ठेवली, उभ्या राहिल्या आणि भर सभेत ओरडल्या, "आवो! काय वाजवायलाव? बारीक तार उतरलीय की!"

सगळा मांडव खदखदून हसला. काकांनी वाजवणं थांबवलं. मला वाटलं, झाला बिचाऱ्यांचा हिरमोड. बघते तर गालांवर पाणी आणि तोंडभर हसू.

"बाई," खुंटी पिळता पिळता ते मला म्हणाले, "लय वर्सांनी कुणीतरी मला बेसूर म्हणलं."

मग त्यांनी तार छेडली आणि माझ्याकडे, मीटरकडे न बघता थेट मांडवात विचारलं, "आता?"

काकूंनी कान पुढे केला. "अजून जरा चढवा."