पयले शेपूट, मंग मुंडकं

लग्नाच्या पंगतीत देवरावभाऊंच्या हाती वरणाची बादली देऊ नये, हे आमच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. बादली हाती आली की हा माणूस मांडवाच्या पार टोकाशी जातो, तिथल्या बॅन्डवाल्यांपासून वाढायला लागतो, आणि पहिल्या जागी बसलेले व्याही कोरड्या भाताकडे बघत राहतात. एकदा नवरदेवाच्या मामांनी आवाज चढवला. भाऊ थंडपणे म्हणाले, "थांबा न जी. पयले शेपूट, मंग मुंडकं."

हा रोग मूळचा कालव्याचा. आमचं गाव हिंगणीच्या अलीकडे. बोर धरणाचं पाणी पाळीपाळीनं सुटतं आणि चारीतून, म्हणजे छोट्या पाटातून, वावरावावरात फिरतं. चारीच्या तोंडाशी ज्याचं वावर, त्यानं आधी भरून घ्यावं आणि शेवटच्यानं चिखलाचं दर्शन घ्यावं, असंच सगळीकडे चालतं. देवरावभाऊंचं वावर अगदी तोंडाशी. आणि हेच गृहस्थ उलटा नियम लावून बसले! पाणी आधी शेपटाला, म्हणजे शेवटच्या वावरात, मग एकेक करत वर, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःकडे.

पाणी सुटलं की डोक्याला दुपट्टा बांधून भाऊ चारीवर येरझारा घालतात. माझं वावर मधोमध. मी फावड्याला नुसता हात लावला की आलेच.

"काऊन बे, शेपूट भिजलं का?"

"नाई भाऊ, गवत काढून राह्यलो."

"फावड्यानं?"

असा माणूस. एसटीत चढतानाही मागच्याला आधी चढवणार. या नादात कितीदा त्यांचीच एसटी सुटली. वहिनींनी तर घरात ठणकावून सांगितलंय, "पोळ्या वाढतानी मले नियम नोका सांगू!"

शेवटचं वावर कोणाचं, तर त्यांच्याच धाकट्या भावाचं, सुधाकरचं. वाटणीत वरचं वावर थोरल्याला आलं, खालचं धाकट्याला, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. समोरासमोर आले की एक चपला बघतो, दुसरा आभाळ. मी एकदा छेडलं, "भाऊ, हा नियम सुधाकरसाठी तर नाई न?" असे भडकले! "नियमाले भाऊ नसते, समजलं?"

यंदा धरणातच पाणी कमी. एकच पाळी मिळणार, तीही तोकडी. भाऊंच्या विहिरीनं तळ दाखवलेला आणि वांगी नुकती फुलावर आलेली. चावडीवरच्या बैठकीत सगळ्यांनी विनवलं, भाऊ, यंदा तरी वरून घ्या, खालून सुरुवात केली तर तुमच्यापर्यंत थेंब पोचणार नाही. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. भाऊ उठले, "पयले शेपूट," एवढंच म्हणाले आणि घरी चालू लागले. त्या दिवशी मला त्यांचा खरंच राग आला. अरे, माणसानं हेकट असावं, पण किती?

पाणी सुटलं. भाऊ आपल्या वावरात पाणी घ्यायच्या बंद गेटजवळ बसून समोरून जाणारं पाणी बघत होते. मागे वांग्यांनी माना टाकलेल्या. मला काही ते बघवेना. तावातावानं खाली गेलो, तर सुधाकर आपलं गेट बंद करत होता. अर्धं वावर ओलं, अर्धं कोरडं.

"अबे, अर्धं राह्यलं न तुहं!"

"हरभरा हाय, निभते ओलीवर. दादाच्या वांग्याले नाई निभत. माह्या पाळीचा उरलेला टाइम त्याले देऊन टाका."

मी धावतच वर आलो. "भाऊ, गेट उघडा! सुधाकरनं आपली अर्धी पाळी तुम्हाले सोडली."

भाऊ उठले, गेटला हात घातला आणि लगेच नियम काढला. "असं कसं? पयले मधलेवाले..."

माझं डोकंच फिरलं. "मधले गेले उडत! तो म्हणला, दादाच्या वांग्याले पाणी पाह्यजे!"

भाऊंचा हात गेटवरच राहिला.

"काय म्हणला?"

"वांग्याले..."

"वांगे जाऊ दे बे. मले काय म्हणला?"

"दादा."

भाऊ मटकन बांधावर बसले. दुपट्टा तोंडाला लावला, आणि हा सगळ्या गावावर ओरडणारा माणूस मुसमुसून रडायला लागला. मध्येच मान वर करून म्हणाले, "आणखी एकडाव सांग."

मी सांगितलं. चारी भरून पाणी काठावरून सांडायला लागलं होतं. शेवटी गेट मीच उघडलं.