पुंडलिकभाऊंनी पाहिलेला वाघ

ध्यानाला बसलेल्या भंतेजींच्या कोपराला पुंडलिकभाऊंनी एकदा हळूच टेस्टर लावला. मग चौकात येऊन जाहीर केलं, “दिवा लागला!” तो टेस्टर माझा होता आणि त्याचा दिवा दोन वर्षांपासून लागत नव्हता. पण मी काही बोललो नाही.

पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला टेकून आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर. पुंडलिकभाऊ माझे भिंतीला भिंत लागलेले शेजारी, वीज खात्यातून रिटायर झालेले लाइनमन. गावाबाहेर, बोडीकडं जाणाऱ्या वाटेवर एक लहानसं बुद्धविहार आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं. विहारात भंतेजी एकटेच राहतात. चीवर घेण्याआधी ते आरमोरीला शिलाई मशीन चालवायचे. साठीपुढचे, किडकिडीत आणि कमी बोलणारे. त्यांच्या वाट्याचं सगळं बोलणं पुंडलिकभाऊ बोलायचे.

“आपलं ध्यान म्हंजे सिंगल फेज, मास्तर, तेबी लोडशेडिंगवालं. भंतेजीचं थ्री फेज! मनातलं वाचतेत. चार दिवस अन्नाचा कण नाई, तरी चेहरा कसा, शंभरचा बल्ब!”

हे भंतेजींच्या कानावर गेलं तेव्हा ते बिचारे ओशाळले. म्हणाले, “पुंडलिकभाऊ, मले ताप होता. जेवण जात नवतं.”

पुंडलिकभाऊ आमच्याकडं वळले. “पाहा. सांगून नाई राह्यले.”

एकदा भंतेजींनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं. असे चमत्कार लोकांपुढं मिरवायला बुद्धांनीच भिक्खूंना मनाई केली आहे, हे सगळं सांगितलं. पुंडलिकभाऊंनी हात जोडून ऐकलं. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाले, “मनाई काऊन केली, सांगा? येत होतं म्हणूनच ना! तुमाले-मले केली काय कोणं मनाई?”

आम्ही हसायचो. त्या वर्षी मोहाची झाडं फुलायला लागली आणि हसणं थांबलं.

शेजारच्या गावात वाघानं एका गुराख्याला धरलं. आठ दिवसांत आमच्या बोडीच्या चिखलात पंजे उमटले. जंगल खात्याचा गार्ड घरोघरी सांगून गेला, की मोहाची फुलं वेचायला जाऊ नका. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं. पण मोहाची फुलं पहाटे पडतात आणि उन्हं चढली की वाळतात. समोर झाडाखाली सडा पडलेला असताना घरात बसून राहणं बायकांच्या जिवावर येई.

अशात एका सकाळी चहाच्या टपरीवर पुंडलिकभाऊंनी सांगितलं, “काल सांजच्याला भंतेजी बोडीच्या वाटेनं चालून राह्यले होते. समोर वाघ! भंतेजी थांबले नाईत. वाघानंच मान खाली घातली अन् परत गेला. माह्या डोळ्यानं पायलं. त्या वाटेवर आता वाघ पाय ठेवत नाई.”

आदल्या संध्याकाळी पुंडलिकभाऊ माझ्या घरी शिडीवर चढून पंखा दुरुस्त करत होते. अंधार पडेपर्यंत ते तिथून हलले नव्हते. टपरीवर मी होतो, गालातल्या गालात हसत होतो, आणि तेव्हाही काही बोललो नाही. हे आज सांगताना जीभ जड होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर हीच गोष्ट तिसऱ्यांदा चालली होती. वाघानं आता मान खाली घालण्याऐवजी पुढचे पाय दुमडले होते. एवढ्यात बोडीकडून आमच्या गावचा गुराखी धापा टाकत आला. “वाघ! बोडीच्या अंगाले! माही कालवड पाडली!”

टपरीवाला म्हणाला, “भाऊ, चार बाया त्याच वाटेनं गेल्या ना पहाटे. शेवंताबाई म्हणत होती, भंतेजीची वाट हाय, काई होत नाई.”

पुंडलिकभाऊंच्या हातातला कप कलंडला. गरम चहा मांडीवर सांडला, पण त्यांना कळलंही नाही. ते उठले आणि सरळ धावत सुटले. आम्ही दहा-बाराजण मिळतील ते डबे, थाळ्या, काठ्या घेऊन मागं धावलो.

भंतेजी विहाराचं अंगण झाडत होते. पुंडलिकभाऊ त्यांच्यासमोर गुडघ्यांवर कोसळले. “भंतेजी, मी खोटं बोललो. वाघ आलाच नवता. मी मास्तरच्या घरी पंखा लावून राह्यलो होतो. अन् बाया तुमच्या वाटेनं गेल्या, अन् वाघ तिथीच हाय!”

भंतेजींनी एवढंच विचारलं, “किती जणी हायेत?”

“चार.”

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, खुंटीवरची छत्री घेतली आणि निघाले. पुंडलिकभाऊ हात पसरून आडवे आले. “तुमी नोका येऊ! तुमाले काई येत नाई, भंतेजी! काईच येत नाई तुमाले!”

“मले माहीत हाय,” भंतेजी म्हणाले आणि त्यांना वळसा घालून चालू लागले.

वाटेत तिघी भेटल्या. टोपल्या टाकून, काट्यांनी लुगडी फाडून घेत पळत आलेल्या. शेवंताबाई मागं राहिली होती.

वळणापलीकडं मोठा मोह आहे. त्याच्या बुंध्याशी शेवंताबाई उकिडवी बसलेली दिसली. पोटाशी टोपली गच्च धरलेली, नजर समोर. त्या नजरेच्या रोखानं मी पाहिलं. तीसेक पावलांवर रायमुनियाची दाट झुडपं, बस. मग त्या झुडपात एक कान हलला, आणि बाकीचा वाघ मला एकदम दिसला.

कुणीतरी डबा वाजवायला हात उचलला. भंतेजींनी मागं न बघता हातानंच थांबवलं. बिथरून वाघ कोणीकडं उडी घेईल, सांगता येत नव्हतं. आणि त्याच्या सगळ्यांत जवळ होती ती शेवंताबाई.

“शेवंताबाई,” भंतेजी रोजच्याच आवाजात म्हणाले, “वाकून नोका बसू. उभ्या व्हा.”

“पाय नाई उचलून राह्यले, भंतेजी.”

“बरं. आमी येतो.”

भंतेजी निघाले. त्यांच्यामागं एका पावलावर पुंडलिकभाऊ. भंतेजींनी छत्री उघडली आणि समोर धरली. त्यांच्या चीवराची कड थरथरत होती. वारा मुळीच नव्हता. मोहाची फुलं टपटप पडत होती आणि तो आवाजसुद्धा मला मोठा वाटत होता.

भंतेजी शेवंताबाईच्या पुढं जाऊन वाघाकडं तोंड करून उभे राहिले. पुंडलिकभाऊंनी तिला काखेत हात घालून उचललं. मग तिघं उलट्या पावलांनी मागं येऊ लागले. दोन पावलं. चार. शेवंताबाईची टोपली सुटली आणि फुलं सांडली.

वाघ उभा राहिला.

पुंडलिकभाऊ पुटपुटत होते, “धावू नोका, बाई, धावू नोका...” ती धावण्याच्या स्थितीत नव्हतीच. आणखी दहा-बारा पावलं आल्यावर भंतेजी म्हणाले, “आता वाजवा.”

आम्ही डबे, थाळ्या, जे हाती होतं ते बडवलं आणि घसा फुटेस्तोवर ओरडलो. वाघानं एकदा आमच्याकडं पाहिलं, वळला आणि बांबूच्या बेटात शिरला. घाईसुद्धा केली नाही त्यानं.

भंतेजी तिथंच वाटेवर बसले आणि त्यांना उलटी झाली. पुंडलिकभाऊंनी त्यांची पाठ धरली.

दुपारपर्यंत गावात भंतेजींच्या छत्रीतून उजेड निघाला होता. चौकात माणसं जमली आणि सगळ्यांनी पुंडलिकभाऊंकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरोखर काहीतरी पाहिलं होतं.

पुंडलिकभाऊ म्हणाले, “भंतेजी भेले होते. मीबी भेलो होतो. वाघ डब्याच्या आवाजानं गेला. आधीचं जे सांगलं, ते झूट होतं. त्या वाटेनं कोणी जाऊ नोका.”

कुणालाच आवडलं नाही. माणसं पांगली.

मी त्यांच्यासोबत घरी आलो. त्यांची मांडी चांगलीच भाजली होती, तिला खोबरेल लावत ते बसले. मी विचारलं, “भाऊ, हे सगळं काऊन सांगत होते तुमी?”

त्यांनी आणखी थोडं तेल तळहातावर घेतलं.

“माही बायको, कमला, वर्षभर बिछान्यावर होती,” ते म्हणाले. “तुमी तवा बदलून आले नवते. पयले आठ दिवस सारा गाव आला. मंग कोणीच नाई. भंतेजी रोज येत. खाटेजवळ बसत. बोलत नाईत, काई नाई. घंटाभर बसत अन् जात. ती त्या घंट्यात झोपे. बाकी दिवसभर कण्हे. ज्या दिवशी गेली, त्याबी दिवशी ते बसले होते.”

त्यांनी तेलाची बाटली बंद केली.

“आता हे चौकात कसं सांगू, मास्तर? माणूस आला अन् बसला. कोण ऐकते? म्हून वाघ सांगलो.”

शेवंताबाई त्या दिवसापासून घराबाहेर पडेना. एकटी बाई, पोरगी दूर चंद्रपूरला दिलेली. दार लोटून आत बसे. भांडं पडलं तरी किंचाळे. पहिले काही दिवस बाया येऊन गेल्या, मग आपापल्या कामाला लागल्या.

शाळेतून परतताना मला रोज पुंडलिकभाऊ तिच्या अंगणात दिसायचे. दारापासून जरा लांब, दगडावर बसलेले. ज्या माणसाला दोन मिनिटं गप्प राहवत नसे, तो घंटाभर तोंड मिटून बसायचा आणि उठून जायचा. पहिल्याच दिवशी आतून आवाज आला होता, “तुमच्याच पायी झालं हे. जा इथून.” ते गेले नाहीत, बोललेही नाहीत. रोज येत राहिले.

पंधरा-वीस दिवसांनी मी तिथून जात होतो. दार हातभर उघडं होतं. शेवंताबाई उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भाऊ, ऊन आलं तुमच्यावर. इकडं सावलीत सरका.”

पुंडलिकभाऊ उठले आणि सावलीत जाऊन बसले.