नलूताईंचा बोर्ड

नलूताई स्वतःचा मोबाइल उचलतात आणि विचारतात, "बोला, कोण हवंय?" फोन त्यांचा, नंबर त्यांचा, घरात त्या एकट्या. म्हणजे हव्या असणार त्याच की! पण हे त्यांना पटत नाही. अंधेरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी जन्म काढला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी फोन दुसऱ्या कुणासाठी तरी असतो आणि आपण तो फक्त जोडून द्यायचा असतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं आहे.

चारकोपच्या आमच्या सेक्टरचा मोबाइलवरचा ग्रुप त्यांनीच काढला आणि चालवलाही बोर्डासारखाच. सकाळी कुणी फुलांचं चित्र टाकून सुप्रभात म्हटलं, की खाली लगेच नलूताई: "लाइन मोकळी ठेवा." एकदा कदमांच्या बाथरूममधून खालच्या शहांच्या किचनमध्ये पाणी गळलं आणि दोघं ग्रुपवरच जुंपले. नलूताईंनी मध्ये पडून दोघांना पाळीपाळीने बोलायला लावलं, जुन्या ट्रंककॉलच्या हिशेबाने. कदम अगदी रंगात आले असतानाच मेसेज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" शहांना हसू फुटलं, मग कदमांनाही, आणि भांडण तिथेच थंडावलं. गळती अजून आहे, ती गोष्ट वेगळी.

पण हे सगळं हसण्यावारी नेऊ नका. सावंतांच्या अप्पांना हल्ली स्वतःचं घरही ओळखू येत नाही. ते एका दुपारी दार उघडं बघून चालते झाले, तेव्हा नलूताईंनी घरबसल्या अख्खा सेक्टर हलवला. "रिक्षास्टँडला कोण आहे? जोशी, तुम्ही मार्केटच्या बाजूला बघा. बाकीच्यांनी लाइन मोकळी ठेवा." चहाच्या वेळेपर्यंत अप्पा सापडले, रसवंतीच्या बाकावर मजेत बसलेले. कुणाला रक्त हवं असो, कुणाला कामवाली, आम्हाला सगळं नलूताईंनीच जोडून दिलं.

अशा नलूताईंनी एके दिवशी जाहीर केलं, "मी ग्रुप सोडतेय. मोबाइलवरचं ते सगळंच बंद करतेय. रिलीव्हर मिळाला की."

रिलीव्हर म्हणजे पाळी बदलताना बोर्डावर येऊन बसणारी दुसरी बाई. ती आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा त्यांच्या ऑफिसातला नियम. मग रीतसर मुलाखती सुरू झाल्या. जोशी नापास, कारण ते कशालाही "बघतो" म्हणतात. कदमांची सून नापास, कारण ती प्रत्येक मेसेजला अंगठा पाठवते. "अप्पा हरवलेत म्हटल्यावर अंगठा काय पाठवतेस? ऐकू आलं, की शोधायला निघालीस? कळायचं काय माणसाने?"

इकडे सेक्टरमध्ये हलकल्लोळ. कदम घरी येऊन म्हणाले, "ताई, असं नका ना करू यार. वाट लागेल आमची!" सावंत तर हात जोडून उभे राहिले. नलूताईंचं हो-नाही चालू. सकाळी म्हणायच्या, सोडलाच ग्रुप. संध्याकाळी म्हणायच्या, "पण अप्पा परत हरवले तर?"

मी त्यांच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. एका रविवारी गेले आणि सरळ विचारलं, "ताई, पण सोडायचाय कशासाठी? डोळे दुखतात का?"

त्या चहासाठी आलं किसत होत्या. "मागे मला ताप आला होता ना," म्हणाल्या.

"कधी? आम्हाला कळलंच नाही."

"तेच ना. चार दिवस पडून होते. फोन सारखा वाजत होता. ताई, पाणी कधी येणार? ताई, इस्त्रीवाल्याचा नंबर द्या. दिली हं उत्तरं सगळ्यांना, पडल्या पडल्या. पण एकाने पण विचारलं नाही गं, की ताई, आज उत्तर द्यायला इतका उशीर का?" मग घाईघाईने म्हणाल्या, "तक्रार नाही हं. ऑपरेटरला कोण विचारतं? ऑफिसात पण कुणी विचारत नव्हतं. पण तिथे निदान पाळी संपायची."

मला फार वाईट वाटलं. चार दिवस त्यांच्या खिडकीतला दिवा मला दिसत होता, आणि इस्त्रीवाल्याचा नंबर मागणारी मीच होते.

"ताई," मी म्हटलं, "मी बसते बोर्डावर."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "'बघते' म्हणायचं नाही. अंगठा पाठवायचा नाही. आणि अप्पा हरवले तर मला लगेच फोन. तेव्हा मी येणार." मी सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ओळ उमटली, नलूताईंनी ग्रुप सोडला. त्याखाली कदमांच्या सुनेचा अंगठा.

संध्याकाळी मी त्यांना फोन लावला.

"बोला, कोण हवंय?"

"ताई, मी वृंदा."

"काय झालं? अप्पा निघाले का कुठे?"

"अप्पा घरीच आहेत. जेवतायत."

"मग कोण हवंय तुला?"

"तुम्ही."

त्यांचा तो ऑफिसातला आवाज आला, "होल्ड करा हं."

टीव्ही बंद झाला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आणि मग घसा साफ करून नलूताई म्हणाल्या, "हं, बोल गं. आले मी."