वाट बघायची बाकं

सरकारी बिल कसं काढायचं, हे मला कुणी शिकवू नये. मी सुतार, माझा बाप सुतार, आणि आम्ही बाकं पुरवली ती थेट बिलं काढणाऱ्या कार्यालयालाच. म्हणजे पैसे देणारा हात आणि आमचा माल एकाच खोलीत. आणखी काय हवं?

"महिनाअखेर पैसे," मी दादांना सांगून टाकलं. "लगेच तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन."

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची तर लवकर या."

शेरा : 'लवकर' म्हणजे केव्हा, याचा खुलासा करावा.

(हे शेरे मनावर घेऊ नका. तिथे इतका बसलोय की साधी गोष्ट सांगतानाही ते मध्येच ऐकू येतात.)

महिनाअखेर गेलो. बिलाच्या टेबलावरचे भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "पाहणी व्हायचीय. तोवर माल नवाकोरा दिसला पाहिजे."

"भाऊसाहेब, बाकं आहेत ती. लोक बसणारच."

"मग बसू देऊ नका."

मी पाटी करायला घेतली. अक्षरं दादांनी रंगवली, पाटीला नाक टेकवून. 'बसू नये' लिहून झालं तेव्हा नाकाचा शेंडा निळा झाला होता. आम्ही पोट धरून हसलो. दादाही हसले. कशाला ते त्यांना दिसत नव्हतं.

शेरा : हसण्याचे प्रयोजन नमूद नाही.

पाटी लागली आणि लोक भिंतीला टेकून उभे राहू लागले. सगळे आमच्यासारखेच, बिलं अडकलेले. दवाखान्याच्या चादरी धुणारी धोबीणमावशी म्हणाली, "काय रे सुतारा, बाकं काय नुसती बघायला केलीस?"

"पाहणी होऊ दे, मावशी."

पाहणी झाली. साहेबांनी रिकामी बाकं बघितली, पाटी वाचली. "वापर नाही म्हणजे गरज नव्हती. गरज नव्हती तर खरेदी कशी झाली?"

बिल परत. आता खरेदीचीच चौकशी.

पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. पाटी काढली. पुढच्या पाहणीच्या दिवशी झाडून सगळ्यांना बोलावलं आणि बाकांवर दाटीवाटीने बसवलं. वापर म्हणजे कसा, दिसलाच पाहिजे. मावशीशेजारी पाण्याचा टँकरवाला बसला, अंगापिंडाने साधारण टँकरच, आणि बाकाचा एक पाय करकरला.

दादा भिंत चाचपत आले, खाली बसले, पायाला पाचर मारू लागले.

"दादा, नीट दिसतंय ना?"

"पाचरेला काय बघायचंय? बोटं आहेत." हातोडी एकदा अंगठ्यावर बसली. पूर्वी कधी बसली नव्हती. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

साहेब आले. बाकं गच्च, वर भिंतीला उभी माणसं. "माल ठीक आहे," ते म्हणाले, "पण बाकं कमी पडतायत."

"बिलं काढा की," मावशी म्हणाली. "घरी जातो आम्ही, मग बाकं पुरतील."

साहेब समजुतीने हसले. "ते दुसऱ्या टेबलाचं काम, बाई."

बिल निघालं. चौकशी मिटल्यावर, साहेब बदलून गेल्यावर, नव्या साहेबांनी पुन्हा पाहणी केल्यावर. त्याच आठवड्यात मी दादांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बॅटरी एका डोळ्यावर धरली, मग दुसऱ्यावर, मग विझवली.

"बंद केलीत का?" दादांनी विचारलं.

बॅटरी पेटलेली होती तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

परत येताना दादा माझा खांदा धरून म्हणाले, "चला, ऑपरेशनचा खर्च वाचला."

शेरा : बचतीची रक्कम दर्शवावी.

गप्प बस रे.

मग कार्यालयातून निरोप आला : आणखी बाकं हवीत. मी दादांना घेऊन गेलो ते तोंडावर नाही म्हणायलाच, शप्पथ. आतून हाक येईपर्यंत दादा आमच्याच बाकावर टेकले. बाकाच्या कडेवरून हात फिरवत बराच वेळ ऐकत राहिले. भिंतीपाशी कुणीतरी या पायावरून त्या पायावर भार देत होतं.

"घे ऑर्डर," ते म्हणाले. "लोक उभे आहेत. फक्त या खेपेला पाठ जरा तिरकी ठेवू. फार वेळ बसावं लागतं."

मी टेप काढून मापं घेतली. महिनाअखेरचं मात्र काही बोललो नाही.