तेनेरीफला गेलेलं जोडपं

"गिट्टे, आपण घटस्फोट घेऊ या का? फक्त शनिवारपुरता?"

गिट्टे गाजर किसत होती. तिने मान वर केली नाही. "घटस्फोटाला फी पडते," ती म्हणाली, "आणि मोगेन्स त्या फीला हो म्हणणार नाही."

मोगेन्स म्हणजे बँकेचा माणूस. फ्लेमिंग ज्या कारखान्यात खिडक्या बनवत होता, तो जानेवारीत एका सकाळी अचानक बंद झाला. एरवी बेकारी भत्ता मिळाला असता, पण तो देणाऱ्या फंडाची वर्गणी फ्लेमिंगनेच मागे बंद करून टाकली होती. का, तर पैसे वाचवायला. आणि आता आपले पैसे वाचतात या आनंदात त्याने नव्या स्वयंपाकघरासाठी कर्ज काढले होते. त्यामुळे घरात आता असे झकास स्वयंपाकघर होते की बघत राहावे, आणि त्यात शिजवायला गाजरे होती. गिट्टेला शाळेत अर्ध्या दिवसाची नोकरी होती. तो पगार घराच्या हप्त्यातच बुडत होता.

मोगेन्स तसा वाईट नव्हता. आमच्या व्हेस्टरलुंड गावात बँकेच्या माणसालाही सगळे अरेतुरे करतात, त्यामुळे त्याचा नकारसुद्धा घरच्या माणसाने दिल्यासारखा लागतो. तो म्हणाला होता, "हप्ते काही महिने निम्मे करता येतील. सोमवारी मी तशी शिफारस वर पाठवतो. पण तोवर कुठे उधळपट्टी दिसली ना फ्लेमिंग, तर माझे हात बांधलेले. मग घर विकायचंच बघावं लागेल."

आणि शनिवारी यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत होती.

आता पंचवीस वर्षे म्हणजे काय, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आदल्या संध्याकाळी शेजारी येऊन दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधतात, वर चंदेरी आकडा लावतात. सकाळी उजाडता उजाडता अख्खी गल्ली दाराशी गाणे म्हणते, ट्रंपेट वाजतो. नवराबायकोने झोपायच्या कपड्यांत बाहेर यायचे आणि "अय्या, आम्हाला कल्पनाच नव्हती!" असा चेहरा करायचा. मग सगळ्यांना आत घेऊन खायला घालायचे. गरम पाव, लोणी, चीज, हॅम, केक, आणि पोट साफ राहावे म्हणून वर कडू दारूचा पेला. पोटाचे माहीत नाही, खिसा मात्र लख्ख होतो.

"शेजारच्या उल्लाला सांगून टाकू या खरं काय ते," गिट्टे म्हणाली.

"काय सांगू? की पाव आणायला पैसे नाहीत? मी मरेन, पण सांगणार नाही."

हे आमच्या लोकांचे एक आहेच. मूळव्याधीचे ऑपरेशन भर रस्त्यात, हातवारे करून सांगतील, पण पैशाचे नाव निघाले की तोंडाला कुलूप. कारखाना बंद पडला हे गावाला माहीत होते. भत्ता नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. फ्लेमिंग ज्याला त्याला सांगत सुटला होता, "बरं झालं बुवा, जरा आराम!"

शेवटी गिट्टेनेच तोड काढली. स्कीव्ह गावी गिट्टेच्या बहिणीकडे जातोय असे सांगायचे आणि दिवे बंद करून घरातच बसायचे, कारण स्कीव्हच्या तिकिटालाही पैसे पडतात. "पण सांगायचं मी. तू तोंड उघडायचं नाहीस," तिने बजावले.

फ्लेमिंगने मान डोलावली आणि तो रद्दी टाकायला बाहेर गेला. कुंपणापलीकडे उल्ला उभीच होती. ही उल्ला म्हणजे गल्लीची न निवडलेली पुढारी. बारसे असो की मयत, पाव किती लागतील हे तीच ठरवायची.

"काय रे, शनिवारी सकाळी घरीच ना?" तिने डोळा मारला.

"नाही. आम्ही जातोय."

"जाताय? पंचविसाव्याला? कुठे?"

फ्लेमिंगला बहीण आठवली, तिचा नवरा आठवला, त्यांचा कुत्राही आठवला. गावाचे नाव काही केल्या आठवेना. त्याने खाली पाहिले. हातातल्या रद्दीत वर दूरच्या, उबदार बेटावरच्या सहलीची एक जाहिरात होती. निळे पाणी, उंच झाडे.

"तेनेरीफ," तो म्हणाला.

घरात आल्यावर गिट्टेने कपाळाला हात लावला. "तेनेरीफ? अरे, माझी बहीण तिकडे स्कीव्हला पावसात भिजत गुरं राखते!"

"तोंडातून निघून गेलं."

"तुझ्या तोंडातून एरवी 'मीठ दे' एवढंही निघत नाही, आज बरं तेनेरीफ निघालं!"

पण बाण सुटला तो सुटलाच. संध्याकाळपर्यंत गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेनेरीफ. उल्ला येऊन झाडांना पाणी घालायला म्हणून घराची किल्ली घेऊन गेली. नको नको म्हणताना विमानतळावर सोडते म्हणाली. मोठ्या मिनतवारीने बस स्टॉपवर तडजोड झाली. गुरुवारी दुपारी दोघे रिकाम्या बॅगा घेऊन तिच्या गाडीत बसले. उतरताना तिने गिट्टेची बॅग उचलली, ती पिसासारखी वर गेली.

"अगं, काही भरलंयस की नाही?"

"तिकडे गरम असतं ना," फ्लेमिंग म्हणाला. "कपडे लागत नाहीत."

उल्लाने दोघांकडे एकदा नीट पाहून घेतले. "पंचवीस वर्षांनी?" ती म्हणाली. "वा! कौतुक आहे बाई तुमचं."

दोघे बसमध्ये चढले, पुढच्याच स्टॉपवर उतरले आणि अंधार पडल्यावर चिखलातून, शेताच्या बांधाने मागच्या दाराने घरात शिरले. दिवा लावायची सोय नव्हती. घर तापवणे तर केव्हाच बंद केले होते. ओव्हरकोट घालून, एका ब्लँकेटमध्ये बसून त्यांनी ओटची थंड लापशी खाल्ली. तेवढ्यात गिट्टेच्या फोनवर निरोप आला. तो मोगेन्सचा होता.

"फ्लेमिंग, गिट्टे, मोगेन्स बोलतोय. शनिवारी ट्रंपेट वाजवायला मला उल्लानं बोलावलंय, तिच्याकडूनच कळलं. तेनेरीफ! हे बघा, मला काय बोलावं तेच सुचत नाही. तुमच्या शिफारशीचा कागद मी तूर्त बाजूला ठेवून दिलाय. मजा करून या. मग बोलू."

फ्लेमिंगच्या तोंडचे पाणी पळाले. पाव वाचवायला निघाले आणि घर जायची वेळ आली.

शुक्रवारी सकाळपासून तिने मोगेन्सला फोन लावला. तो उचलेना. "फोन कर, फार महत्त्वाचं आहे," असा निरोप ठेवून तिने आपल्या फोनचा आवाज मोठ्यात मोठा केला आणि तो कोटाच्या खिशात ठेवला. फोन काही आला नाही. संध्याकाळी त्याऐवजी दाराच्या चौकटीवर हातोडे बसू लागले. दोघे घाबरून जमिनीवर आडवे झाले.

"नसले घरी म्हणून काय झालं?" बाहेर उल्ला कोणाला तरी दटावत होती. "परत आल्यावर दिसेल की! अजून फांद्या आण, ही बाजू बोडकी दिसतेय."

फ्लेमिंगने अंधारात गिट्टेचा हात धरला. तो गार होता. "माझ्यापायी तुला हे," तो पुटपुटला. "पंचवीस वर्षांनी जमिनीवर झोपवलं तुला."

"लाकडी आहे, बरी आहे," गिट्टे म्हणाली. "हे बघ, सकाळी उजाडायच्या आत मोगेन्सच्या घरी जायचं आणि सगळं खरं सांगायचं. तू गप्प राहायचंस."

शनिवारी फटफटायच्या आधीच दोघे कोट चढवून पुढच्या दाराशी आले. फ्लेमिंगने मुठीला हात घातला आणि तिथेच थिजला. बाहेर कुजबुज चालली होती. पायांचे आवाज. कोणीतरी खोकले. आणि मग, अगदी दाराला चिकटून, ट्रंपेट वाजला.

अख्खी गल्ली रिकाम्या घरापुढे गाणे म्हणत होती. जन्मभर एकमेकांची साथ करण्याचे ते गाणे, सगळी कडवी, बेसूर आणि मनापासून. गिट्टे दाराशेजारी भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि नाक ओढायचीही चोरी होती.

"झालं!" बाहेर उल्ला ओरडली. "मस्त आलाय व्हिडिओ. आता पाठवते त्यांना. तिकडे समुद्रावर बसून बघतील बिचारे."

दाराआडून जोरात टिंग झाले.

बाहेर सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"काय वाजलं?" कोणीतरी म्हणाले.

"थांबा," उल्ला म्हणाली. "परत पाठवते."

टिंग.

फ्लेमिंगने गिट्टेच्या खिशावर झडप घातली, पण तेवढ्यात किल्ली फिरली आणि दार उघडले. हिरव्या कमानीखाली उल्ला, तिच्यामागे माणसांची दाटी, आणि मध्ये ट्रंपेट छातीशी धरून मोगेन्स. आत ओव्हरकोट घातलेले नवराबायको, एक वाकलेला, एक जमिनीवर बसलेली.

"विमान चुकलं?" उल्लाने विचारले.

"हो!" फ्लेमिंग घाईघाईने म्हणाला. "म्हणजे, धुकं होतं, आणि पायलटची..."

"गप रे," गिट्टे म्हणाली आणि उठून उभी राहिली. "विमान नव्हतंच. पैसेच नाहीत आमच्याकडे. भत्ता नाही, हप्ते डोक्यावर आहेत, आणि तुम्हाला सगळ्यांना पाव खायला घालायची ऐपत नाही. म्हणून लपून बसलो. झालं समाधान?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मोगेन्स मात्र लोकांना बाजूला सारत आत आला. त्याने भिंतीवरच्या हीटरला हात लावला आणि चटकन काढून घेतला, इतका तो थंड होता. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला. आत गाजरे होती. बाजूला लापशीची वाटी.

"कधीपासून बसलाय असे?"

"परवापासून," फ्लेमिंग खाल मानेने म्हणाला.

"दिवा न लावता?"

"उल्लाला दिसला असता ना."

मोगेन्स खुर्चीवर टेकला. "माझ्यासमोर रोज माणसं बसतात," तो म्हणाला. "खर्च कमी करतो म्हणून शपथा घेतात आणि बाहेर पडून नवा टीव्ही घेतात. मी वैतागलो होतो रे. आणि तुम्ही? एक नाश्ता वाचवायला आपल्याच घरात चोरासारखे लपलात! यापुढे मला दुसरं कुठलं तारण नको. कागद सोमवारी जाईल, आणि शिफारस अशी लिहीन की वरचे लोक रडतील."

फ्लेमिंगला आधी कळलेच नाही. "म्हणजे घर?"

"राहील. निम्मे हप्ते भर, नोकरी शोध, आणि त्या फंडात परत नाव घाल, गाढवा."

फ्लेमिंग नव्या ओट्याला धरून मुलासारखा रडू लागला. जानेवारीपासून छातीवर बसलेला धोंडा उतरल्यासारखा झाला आणि त्याला एकदम कडकडून भूक लागली. गिट्टेने त्याचे डोके कोटात धरले आणि स्वतःही पोटभर रडून घेतले.

उल्लाच्या तोंडाचा पट्टा मात्र सुटला होता. "एक शब्द बोलली नाहीस गं! कुंपण काय चीनच्या भिंतीएवढं आहे का मध्ये? तेनेरीफ म्हणे! आणि मी मेली तुमची झाडं कोमेजतील म्हणून काळजी करतेय! बघता काय सगळे? माझ्याकडे पाव भाजून ठेवलेत, तुम्ही नाही तर मीच घालणार होते खायला. आणा सगळं इकडे. आणि कोणीतरी ते हीटर लावा आधी, बिल मी बघते!"

अर्ध्या तासात घर माणसांनी आणि वाफाळत्या कॉफीने भरून गेले. फ्लेमिंगने किती पाव खाल्ले ते कोणी विचारले नाही. कडू दारूचा पेला त्याला त्या दिवशी गोड लागला. झोपायचे कपडे नसले तरी ओव्हरकोटात दोघांचा फोटो निघाला, आणि फोटोत दोघेही हसत होते.

गर्दी पांगू लागली तसा मोगेन्स फ्लेमिंगला कोपऱ्यात घेऊन गेला. त्याने मागे वळून पाहिले. त्याची बायको उल्लाशी बोलण्यात रंगली होती.

"फ्लेमिंग," तो हळूच म्हणाला, "मे महिन्यात आमची पंचवीस होतात."

"अरे वा!"

"वा काय वा! हिनं सगळं गाव बोलवायचं ठरवलंय. वर तंबू, बँड. मी बँकेत काम करतो, बँक माझी नाही रे." त्याने घसा साफ केला. "तुमच्या माळ्यावर दोन माणसं मावतील का? दोनच दिवस. हिला कसं आणायचं ते बघतो मी."

फ्लेमिंगने त्याच्याकडे निरखून पाहिले. बऱ्याच महिन्यांनी त्याची मान ताठ झाली होती.

"मावतील की," तो म्हणाला. "पण भाडं आगाऊ लागेल."

आणि बँकेच्या माणसाने मुकाट्याने खिशात हात घातला.